नवीन घराचा प्लॅन: सगळं खाली ९०० फुटांत की वरखाली दोन मजले? सल्ला हवाय

अंगणवेडी
नमस्कार. घर बांधायला काढतोय आणि प्लॅन काही केल्या फायनल होत नाहीये, रात्री झोपेतसुद्धा भिंती इकडच्या तिकडे करत असते. आम्ही सहाजण. सासूबाई आणि बाबा म्हणजे सासरे (गुडघे पार गेलेत, काठी घेऊन चालतात, रात्री दोनतीनदा उठावं लागतं), आम्ही दोघं, मुलगी १२ वर्षांची, मुलगा ७ चा. प्लॉट ३५ बाय ५० फूट, चारी बाजूंना सोडायची ती जागा सोडली की बांधायला २५ बाय ३६ उरतात, म्हणजे ९०० चौरस फूट.
दोन प्लॅन हातात आहेत. पहिला: सगळं खाली, ९०० फुटांत हॉल, किचन, तीन छोट्या बेडरूम, दोन बाथरूम, वरचा मजला पुढे कधी जमेल तेव्हा. दुसरा: खाली ७०० आणि वर ५००, खाली सासूबाई-बाबा, वर आम्ही आणि मुलं, खोल्या ऐसपैस.
बजेट एकूण १२०० फुटांचं आहे, त्याच्यावर एक फूटही जाणार नाही, कर्ज काढून झालंय. तर याच्या आतलेच सल्ले द्या ही कळकळीची विनंती. आणि बाबांची खोली कुठे ठेवावी तेही सांगा, पुढे की मागे?

दोन_मजली_सुखी
ताई सरळ २४०० बांधा. आम्ही वर १२०० खाली १२०० केलं, चार बेडरूम, चारीला अटॅच्ड बाथरूम, हॉल २२ फूट लांब, आज सात वर्षं झाली कुणाचा कुणाला अडथळा नाही. आम्हालाही सगळे म्हणत होते लहान करा लहान करा, ऐकलं असतं तर आज रडत बसलो असतो. घर एकदाच होतं. थोडी ओढाताण होते दोनतीन वर्षं, मग विसरून जातो माणूस.

अंगणवेडी
दादा घर छान असेल तुमचं, पण १२०० च्या वर नाही हो जमणार, लिहिलंय वर.

निळी_खिडकी
दुसरा प्लॅन. मुलं वर, मोठे खाली, हेच बरोबर. मुलगी १२ ची आहे, अजून दोन वर्षांत तिला स्वतःची खोली लागणार. पहिल्या प्लॅनमध्ये तीन बेडरूम म्हणजे भाऊबहीण एका खोलीत, ते कसं चालेल? आमच्याकडे हीच चूक झाली, शेवटी हॉलमध्ये लाकडी पार्टिशन घालून मुलीला कोपरा करून दिला, ना तिला उजेड ना हॉलला. हॉलची तर वाट लागली.

जिना_मोजा
दोन मजल्यांच्या गोष्टी करण्याआधी जिना किती जागा खातो हे कुणी मोजलंय का? मी सांगतो, कारण मी मोजलं नव्हतं आणि भोगलं. मजल्याची उंची स्लॅब धरून १० फूट घ्या, म्हणजे १२० इंच. पायरी साधारण पावणेसात इंच उंच, १८ पायऱ्या. मधे वळण घेणारा जिना धरला तर एका बाजूला ९ चढ (पायरीची उंची) आणि ८ पायटे (पाऊल ठेवायची सपाट जागा), पायटा १० इंच, झाले ८० इंच. त्यात वळणावरची सपाट जागा, म्हणजे लँडिंग, ३ फूट आणि खाली सुरुवातीला उभं राहायला ३ फूट. लांबी झाली पावणेतेरा, १३ फूटच धरा. रुंदी ३ आणि ३ आणि मधला गाळा, साडेसहा. म्हणजे ८५ चौरस फूट. हे खालीही जातात आणि वरही जातात, एकूण १७०. तुमच्या १२०० चा सातवा भाग नुसता चढाउतरायला गेला!! एवढ्यात एक चांगली बेडरूम आणि बाथरूम होतं.
आणि कुणी सांगितलं की पायटा १० इंचच ठेवा पण चढ ८ इंच करा, पायऱ्या कमी होतात, जागा वाचते, तर अजिबात ऐकू नका. दोन चढ अधिक एक पायटा मिळून २३ ते २५ इंच यायला हवेत, हा हिशोब १७ व्या शतकात फ्रान्स्वा ब्लोंदेल नावाच्या फ्रेंच वास्तुविशारदाने मांडला, माणसाच्या पावलावरून, आणि आजही तोच धरतात. आमचा ८ चा चढ आहे. आई त्या जिन्यावरून पडली.

दोन_मजली_सुखी
मग पहिल्या प्लॅनमध्ये गच्चीवर पाण्याची टाकी साफ करायला शिडी लावून जाणार का? जिना तिथेही लागणारच. आमचा जिना साडेतीन फुटी आहे, पलंगसुद्धा न खोलता वर गेला.

जिना_मोजा
बरोबर आहे, तिथेही ८५ जातील. पण एकदाच जातील, आणि तो जिना दिवसातून दहा वेळा चढायचा नाही. मुद्दा तो आहे.

ओटा_माझा
किचन ओपन ठेवू नका एवढंच सांगायला आले. फोटोत बघून केलं, तेलाचा थर हॉलच्या पडद्यांवर, पंख्याच्या पात्यांवर, पुस्तकांवर. मिक्सर लावला की टीव्हीचा आवाज वाढवायचा आणि मग मुलांच्या अभ्यासाची बोंब. आता सरकतं काचेचं दार बसवून घेतलंय पण त्याला लागणारी भिंत आधी ठेवलीच नव्हती त्यामुळे अर्धंच उघडतं.
अजून एक, ओट्याची उंची. सगळीकडे ३४-३६ इंच डोळे झाकून करतात. उभं राहून कोपर वाकवा, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा, त्यातून ४ ते ६ इंच वजा करा, ती तुमची उंची. माझी कंबर नऊ वर्षं दुखत होती ती डोळे झाकून केलेल्या ३६ इंची ओट्यामुळे.

उजेड_हवा
ओपन किचनबद्दल असहमत. आमचं ओपन आहे, चिमणी चांगली आहे, काही त्रास नाही, आणि काम करता करता मुलांकडे लक्ष राहतं. लहान घरात भिंत घालून किचन बंद करणं म्हणजे दोन्हीकडचा उजेड मारणं.

ओटा_माझा
चिमणीचा पाईप बाहेर काढलाय का तुमचा? आमची धूर गाळून आतच सोडणारी होती, फिल्टर धुवून धुवून हात गेले. पाईप बाहेर न्यायचा तर भिंतीला भोक आधीच ठेवावं लागतं, बीममध्ये नंतर भोक पाडता येत नाही.

उजेड_हवा
हो, बाहेरच काढलाय. तो मुद्दा मान्य.
ताई, खिडक्यांचं बघा. खोलीच्या क्षेत्रफळाच्या निदान दहावा भाग खिडकी हवी, ११० फुटांच्या खोलीला ११ फूट, म्हणजे ४ बाय ३ ची एक. पण एकच मोठी करण्यापेक्षा शेजारच्या किंवा समोरच्या भिंतीत दुसरी छोटी करा, वारा एकीकडून शिरतो तेव्हा त्याला दुसरीकडून बाहेर पडायला वाट लागते. वाट नसेल तर खिडकी कितीही मोठी असो, पडदा हलत नाही. पश्चिमेला मोठी खिडकी नकोच, दुपारनंतरचं ऊन तिरकं आत शिरतं आणि छज्जा कितीही बाहेर काढला तरी अडत नाही. तिकडे बाथरूम, जिना, युटिलिटी असली कमी वापराची जागा टाका, ती भिंत ऊन झेलते आणि मागची खोली गार राहते. आमच्या बेडरूमची भिंत पश्चिमेला आहे, रात्री ११ वाजता हात लावला तरी तापलेली असते.

निळी_खिडकी
तेच सांगायचं होतं, पश्चिमेला खिडकी नको.

साईटवरचा
मी साईटवर काम करतो, २१ वर्षं झाली. थोडं मोठं लिहितो, वाचा.
ताई तुमचे ९०० फूट ९०० नाहीत. बाहेरची भिंत ९ इंची धरली तर नुसत्या चारी बाजूंच्या भिंतीखाली जवळजवळ ९० चौरस फूट जातात. आतल्या साडेचार इंची भिंती एकूण १०० फूट लांब धरल्या तर अजून ३७-३८. म्हणजे सव्वाशे गेले. जिन्याचे ८५ गेले. वापरायला उरले ६८०-९०. यात तीन बेडरूम होतात, पण इंच इंच मोजून. बेडरूम १० बाय ११ च्या खाली जाऊ नका. ६ बाय साडेसहाचा पलंग, डोकं १० फुटी भिंतीला, दोन्ही बाजूला दोन दोन फूट राहतात. समोरच्या भिंतीत २ फूट खोल कपाट, मधे अडीच फूट. हेच जर डोकं ११ फुटी भिंतीला केलं आणि कपाट समोर घेतलं तर मधे दीड फूट राहतो, कपाटाचं दार उघडायला पलंगावर चढावं लागतं. खोली तीच, नुसता पलंग फिरवला. म्हणून प्लॅनवर पलंग, कपाट, दार कुठल्या बाजूला उघडतं, सगळं काढून घ्या. नुसते चौकोन बघून सही करू नका.
दुसरं, आर्किटेक्टला विचारा की लिहिलेली मापं भिंतीच्या मध्यापासून मध्यापर्यंत आहेत की आतल्या आत. आणि प्लास्टर धरलंय का. दोन्हीकडून अर्धा अर्धा इंच प्लास्टर, एक इंच तिथेच जातो. १० फुटांच्या कोनाड्यात बरोबर १० फुटाचं तयार कपाट आणून रडणारी माणसं मी पाहिलीत.
तिसरं, कॉलम. कॉलम आतल्या साडेचार इंची भिंतीपेक्षा जाडच असतो, म्हणजे कॉलम कुठल्यातरी खोलीत बाहेर येणारच. तो कपाटाच्या कोपऱ्यात लपवायचा की पलंगाच्या डोक्याशी येऊ द्यायचा हे आत्ता ठरतं, खड्डे खणल्यावर नाही.
चौथं, बाथरूम एकमेकांना पाठ लावून ठेवा, किचनचं सिंकही जमलं तर त्याच बाजूला. दोन मजले केलेत तर वरचं बाथरूम खालच्या बाथरूमवरच आलं पाहिजे. बेडरूमच्या डोक्यावर बाथरूम घेतलं की आज ना उद्या गळणार, मी कितीही चांगलं वॉटरप्रूफिंग केलं तरी.
आणि सगळ्यात महत्त्वाचं. खड्डे मारायच्या आधी प्लॉटवर खऱ्या मापाने चुना टाका. कागदावर १० फूट काय ते कळत नाही. चुन्याच्या रेघांत एक अख्खा दिवस फिरा, घरातल्या सगळ्यांना फिरवा. ज्याचा वेळ सगळ्यात जास्त त्या घरात जाणार त्याला आधी.

कपाटवाली
सामान कुठे ठेवणार याबद्दल कुणीच बोलत नाहीये. गाद्या, सुटकेसा, शिलाई मशीन, मुलांची जुनी पुस्तकं, सायकली, झाडू, पुसायची बादली. झाडूला जागा नसलेली घरं मी पाहिलीत, मोठमोठी. पॅसेजच्या वर माळा करा, ७ फुटांवर, पॅसेजला १० फूट उंचीची गरज नसते. जिन्याखाली दार लावून खोली. आणि वॉशिंग मशीनला बाथरूममध्ये ठेवू नका, आमचं तीन वर्षांत गंजलं. कपडे वाळत घालायची जागाही प्लॅनवर दाखवायला सांगा, नाहीतर हॉलच्या खिडकीतच दोऱ्या येतात.

दोन_मजली_सुखी
सामानासाठी आमची वेगळी स्टोअर रूम आहे ८ बाय १०. म्हणूनच म्हणतो मोठं बांधा.

निवृत्त_माणूस
मी ७४ वर्षांचा आहे. माझी पत्नी शेवटची चार वर्षं व्हीलचेअरवर होती, म्हणून आवर्जून लिहितो आहे.
आमच्या बाथरूमचं दार २७ इंची होतं. खुर्ची आत जात नव्हती. दारापर्यंत खुर्ची आणायची, तिला उभं करायचं, मग चार पावलं धरून न्यायचं. ती चार पावलं रोज सकाळी आमच्यासाठी डोंगर होती. दार फोडून मोठं करायचं तर शेजारी कॉलम. तेव्हा सूनबाई, बाबांच्या खोलीचं आणि बाथरूमचं दार ३ फुटी पल्ल्याचं ठेवा, निव्वळ वाट ३२ इंच तरी मिळाली पाहिजे. बाथरूमचं दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं. माणूस आत दाराला टेकून पडला तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही. उंबरठा नको, पाणी अडवायला उतार द्या. कमोडची उंची १७ ते १९ इंच. बाजूला धरायला दांडा, जमिनीपासून ३३ ते ३६ इंचांवर, आणि तो ज्या भिंतीत ठोकायचा ती भरीव विटांची हवी, पोकळ ठोकळ्यांची असेल तर अंगाचं वजन पडलं की उपटून येतो.
खुर्ची जागच्या जागी फिरायला ५ फुटांचा गोल लागतो. प्रत्येक खोलीत नाही जमत, पण त्यांच्या खोलीत एका जागी ठेवा.
आणि बाहेरच्या पायऱ्या. जोतं दीड फूट उंच असेल तर रॅम्प १८ फूट लांब लागतो, एक फूट चढायला बारा फूट. तुमच्या घरापुढे किती जागा आहे?

अंगणवेडी
काका खूप खूप आभार, वाचून डोळ्यांत पाणी आलं. पुढे ९ फूट आहेत, बाजूला ५. म्हणजे सरळ पुढे नाहीच बसत. बाजूने घेता येईल का?

निवृत्त_माणूस
घेता येईल. बाजूच्या ५ फुटांत साडेतीन फुटी रॅम्प भिंतीला धरून न्या आणि वर दारापाशी सपाट जागा ठेवा, दार उघडताना खुर्ची मागे घसरली नाही पाहिजे. मात्र बाजूच्या मोकळ्या जागेत असं काही बांधायला तुमच्याकडे परवानगी आहे का ते आधी विचारा.
खोली मागे ठेवा असं माझं मत. शांतता मिळते.

निळी_खिडकी
हो, खोली मागेच. पुढे रस्त्याचा आवाज, आल्यागेल्याची वर्दळ, दुपारची झोप होत नाही. आणि अटॅच्ड बाथरूम पाहिजेच पाहिजे.

जिना_मोजा
मागेच, आणि अटॅच्ड.

उजेड_हवा
मागे. अटॅच्ड तर हवंच.

कपाटवाली
आमच्याकडे पॅसेजमध्ये बाथरूम आहे आणि त्याला दोन दारं आहेत, एक आईच्या खोलीतून एक पॅसेजमधून. जागा वाचते.

ओटा_माझा
दोन दारांचं बाथरूम चुकूनही करू नका!! कुणीतरी एक कडी आतून लावून दुसऱ्या दाराने निघून जातं आणि म्हातारं माणूस रात्री दार वाजवत उभं राहतं. माहेरी हेच चालायचं.

कपाटवाली
आमच्याकडे सहा वर्षांत दोनदाच झालं तसं. आईच्या दाराला बाहेरून नाण्याने उघडता येईल असं लॉक बसवलं, प्रश्न मिटला.

ओटा_माझा
दोनदा झालं ना पण.

साईटवरचा
बाहेरून उघडणारं लॉक म्हाताऱ्या माणसांच्या बाथरूमला तसंही हवंच, दारं एक असो की दोन.
मजल्यांबद्दल राहिलंच. पुढे वर चढवणार असाल तर पाया आणि कॉलम आत्ताच दोन मजल्यांचे काढून घ्या, स्ट्रक्चरल इंजिनीअरला आधी सांगा. पाया नंतर वाढवणं फार कटकटीचं. वर सोडलेल्या कॉलमच्या सळयांवर पातळ काँक्रीटचं आवरण द्या, उघड्या राहिल्या की गंजतात आणि गंज खाली उतरतो. पण मला विचाराल तर दोन्ही मजले एकदमच करा. खाली माणसं राहत असताना वर सेंट्रिंग (स्लॅबखालच्या फळ्या-टेकू) लावणं म्हणजे सहा महिने धूळ, पाणी, ठोकठोक. वयस्कर माणसांना त्रास होतो. मी अशी कामं घेणं कमी केलंय.

निळी_खिडकी
तेच म्हणते मी, दुसरा प्लॅन.

दोन_मजली_सुखी
शेवटी सगळे माझ्याच मुद्द्यावर आले.

जिना_मोजा
मी नाही आलो. पण खाली राहून वर बांधणं वाईट हे खरं आहे, आमच्या शेजारी चाललंय, दीड वर्ष झालं. त्या हिशोबाने दुसरा प्लॅन घ्या पण जिन्यात काटकसर करू नका.

उजेड_हवा
कामाचा त्रिकोणही बघा किचनमध्ये. गॅस, सिंक, फ्रिज या तीन जागांमधलं अंतर मिळून १३ ते २६ फूट असावं, १९४० च्या दशकात अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात यावर काम झालं होतं. समोरासमोर ओटे असतील तर मधे ४ फूट, दोघांना पाठीला पाठ लावून काम करता येतं.

ओटा_माझा
त्या त्रिकोणात एकच बाई काम करते असं धरलंय. आमच्याकडे सकाळी तिघं असतात. मला विचाराल तर सिंक आणि गॅसच्या मधे निदान ३ फूट सलग ओटा पाहिजे, सगळं काम तिथेच होतं, बाकी त्रिकोण होवो न होवो.

अंगणवेडी
आठ दिवसांनी लिहितेय. साईटवरचा दादांचं ऐकून प्लॉटवर चुना टाकला. दोन्ही प्लॅन, एक दिवसाआड. काय सांगू, ज्या हॉलवरून आमची दोघांची भांडणं झाली होती तो १४ फुटांचा हॉल जमिनीवर बघून वाटलं एवढा कशाला हवाय, आणि ज्या किचनला मी छान म्हणत होते त्यात मी आणि सासूबाई उभ्या राहिलो तर खांद्याला खांदा लागला.
मुलांनी दोऱ्या बांधून पलंग आखले, कपाटं आखली. बाबांसाठी खुर्ची नेली होती. मागच्या खोलीच्या रेघांमध्ये मांडली, बसले, पाच मिनिटांनी उठले आणि काठी टेकत टेकत पुढे आले. पुढच्या कोपऱ्यात, जिथे आम्ही चपला काढायची जागा आखली होती, तिथे खुर्ची आणायला सांगितली. तिथून फाटक दिसतं, रस्ता दिसतो, शाळेतून येणारी मुलं दिसतात. म्हणाले, मागे मला शांतता मिळेल पण दिवसभर मला कुणी दिसणार नाही. सहा वर्षं झाली त्यांचं बाहेर जाणं बंद होऊन. आम्ही त्यांच्या गुडघ्यांचा, बाथरूमचा, रात्रीचा सगळा विचार केला आणि दिवस त्यांचा कसा जातो हे कुणी विचारलंच नव्हतं.
तर खोली पुढे. ९ बाय ११. आणि पहिला प्लॅन, सगळं खाली. मला माहितीये सगळ्यांनी दुसरा सांगितलाय आणि कारणंही बरोबर आहेत. पण रात्री बाबा उठले आणि धडपडले तर वरच्या मजल्यावर मला ऐकूच येणार नाही. चुन्यात उभं राहून मी ह्यांना मागच्या खोलीतून हाक मारायला लावली, पॅसेजच्या या टोकाला स्पष्ट ऐकू आली. तेवढंच मला हवं होतं.
बाकी ठरलेलं असं: हॉल ११ बाय १३, किचन ८ बाय १० बंद पण पॅसेजकडे अर्ध्या भिंतीची काच, आमची आणि मुलांची खोली १० बाय ११, कपाटं समोरच्या भिंतीत. बाथरूम दोन, पाठीला पाठ, पश्चिमेच्या भिंतीला. त्यातलं एक बाबांच्या खोलीला लागून आणि दोन दारांचं, कारण अटॅच्ड केलं तर बाकीच्या चौघांना एकच उरतं. ओटाताई रागावू नका, लॉक बाहेरून उघडणारं घेतेय, दारं ३ फुटी, बाबांच्या बाजूचं सरकतं. जिना पुढच्या दुसऱ्या कोपऱ्यात, बाहेरून चढायचा, हॉलमधून एक दार, म्हणजे पुढे वर बांधताना माणसं घरातून जाणार नाहीत. पाया आणि कॉलम दोन मजल्यांचे, इंजिनीअरशी बोलणं झालंय. मुलगी पाचसहा वर्षं भावाबरोबर राहीन म्हणाली, मधे कपाटाची आडभिंत करून देतोय, दोन्हीकडे खिडकी. रॅम्पच्या परवानगीचं उत्तर यायचंय.

निळी_खिडकी
पाचसहा वर्षं म्हणजे मुलगी १८ ची होईल तोवर. मला नाही पटलं. पार्टिशनचं मी सांगितलं होतं.

साईटवरचा
दोन्हीकडे खिडकी असेल तर निभेल. आडभिंत छतापर्यंत नेऊ नका, वरून दीडदोन फूट मोकळं ठेवा, हवा फिरते. आणि बाहेरच्या जिन्याच्या दाराला वर छज्जा घ्या, पावसाचं पाणी हॉलमध्ये येतं.

दोन_मजली_सुखी
पाच वर्षांनी वर बांधायला काढाल तेव्हा आठवण येईल माझी.

ओटा_माझा
रागावले नाही. पण रात्री सगळ्यात शेवटी झोपणाऱ्याने पॅसेजच्या बाजूची कडी बघायची आणि बाबांच्या बाजूची उघडी ठेवायची, हे आत्तापासून मुलांच्या अंगवळणी पाडा.

निवृत्त_माणूस
सूनबाई, खोली पुढेच ठेवा. मी मागे सांगितलं होतं, माझी खोलीही मागे आहे. बाबांच्या खिडकीची सिल, म्हणजे खालची कड, खाली घ्या, जमिनीपासून दोन फुटांवर. नेहमीची तीन फुटांवर असते, खुर्चीत बसलेल्या माणसाला तिथून फक्त आकाश दिसतं.

अंगणवेडी
काका, उद्याच आर्किटेक्टला सांगते. दोन फूट.

साईटवरचा
दोन फुटांवर घेणार असाल तर आतून गज लावा, मुलगा ७ चा आहे.